बारक्याच्या पेशी

…तर ती गुलाबी बाटली दाईनं मोरीत उपडी केली आणि वरून नळ सोडला, इथवर काल आपण आलो होतो. पाहुणे अजून जिन्यातच होते, साहेबांच्या हसण्याचा आवाज वर ऐकू येत होता, आणि इकडे ही बाई अर्ध्याहून जास्त भरलेली बाटली ओतून मोकळी. आता तुम्ही म्हणाल, चांगलं खाद्य कुणी मोरीत ओततं का? तेच तर सांगायचं राहिलं. पण ते सांगायचं तर दाई कोण इथून धरावं लागेल, नाहीतर काल जे नव्हते त्यांच्या डोक्यावरून जायचं.

दाई म्हणजे बाळंतपणं करणारी दाई नव्हे. ती एका प्रयोगशाळेत कामाला होती. शस्त्रक्रियेत काढलेला मूत्रपिंडाचा एखादा तुकडा यायचा, बर्फात बुडवलेला, आणि त्यातल्या पेशी सुट्या करून चपट्या पारदर्शक प्लेटमध्ये जगवायच्या, वाढवायच्या, म्हणजे त्यांचं कल्चर लावायचं, हे तिचं काम. ऐकायला सोपं आहे. पण पेशी ही जात नव्या जावयापेक्षा नखरेल. जरा गार लागलं की रुसल्या, खायला उशीर झाला की रुसल्या, आणि कुणी वरून शिंकलं तर मग बोलायलाच नको. भल्याभल्या शिकलेल्यांच्या हातून त्या माना टाकायच्या, आणि हिच्या हातून जगायच्या. तिथल्या एका जुन्या डॉक्टरांनी एकदा म्हटलं, “ही आपली दाई,” आणि तेच नाव चिकटलं. इतकं, की पुढे घरी आईसुद्धा कौतुकानं दाईच म्हणायला लागली.

बाई पन्नाशीच्या आसपासची, सडपातळ, नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. हातात बांगडी नाही, अंगाला अत्तर नाही, बोलणं कमी. लग्न झालं होतं, पण वर्षभरात परत आली. कुणी विचारलंच तर म्हणायची, “ते कल्चर लागलंच नाही,” आणि पुढे काही नाही. घरीही तिचे हात प्रयोगशाळेतच असायचे. तेलाची बाटली उघडली तरी बूच ओट्यावर ठेवायची नाही, दोन बोटांत हवेत धरून राहायची. आई म्हणायची, “अगं, तेल आहे ते. ठेव खाली, त्याला काही रोग नाही व्हायचा.”

आता तिथला नियम सांगतो, कारण सगळं रामायण त्याच नियमावरून. एका कपाटात, म्हणजे त्या उबदार इनक्युबेटरमध्ये, निरनिराळ्या माणसांच्या पेशी असायच्या. त्यातच खालच्या फळीवर एका कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशीही होत्या. तो कुत्रा मरून जमाना झाला होता, पण त्याच्या पेशी आपल्या वाढतच होत्या. तुलनेसाठी ठेवलेल्या, नाव पडलं पहिलवान. पहिलवानाला मरण माहीत नव्हतं. कशातही टाका, वाढणारच. म्हणून दाईनं बसवलेली शिस्त अशी, की रोज आधी अशक्ताला खायला घालायचं, मग धट्ट्याकट्ट्याला, आणि सगळ्यात शेवटी पहिलवानाला. प्रत्येकाची खाद्याची बाटली वेगळी. कारण पहिलवानाची एक पेशी, डोळ्याला दिसणारसुद्धा नाही एवढी, बाटलीत शिरली आणि तीच बाटली अशक्ताच्या प्लेटवर उघडली, तर घर गेलं म्हणून समजा. पाहुणा म्हणून आलेला हळूहळू घर बळकावतो आणि मालक जिन्याखाली झोपतो, तसं.

माणसाच्या पेशीला मात्र मरण माहीत असतं. तिच्या आत धागे असतात, आणि एकीच्या दोन झाल्या की दर वेळी त्या धाग्यांची टोकं थोडी झिजतात. शाळेतल्या पेन्सिलीसारखं आहे ते. दर टोकाला पेन्सिल थोडी कमी, आणि शेवटी बोटांत धरायलाच उरत नाही. मग ती पेशी पसरते, थांबते आणि जाते. यावर लोकांनी पूर्वीच एक उपाय काढला होता. पण त्यात पेशी अमर व्हायची आणि बावळट व्हायची. जगतेय, वाढतेय, पण आपण मूत्रपिंडातली, आपलं काम पाणी इकडून तिकडे करायचं, हे साफ विसरलेली. म्हणजे एखादा माणूस शंभरी गाठतो पण नोकरी कशात केली तेच आठवत नाही, तसली गत. साहेबांना ते नको होतं. साहेब म्हणजे त्या प्रयोगशाळेचे प्रमुख, बोलायला मोठे गोड. ते सगळ्यांना सांगायचे, “अमर काय, कुणीही करील. माणूस तोच राहिला पाहिजे.” त्यांनी फक्त पेन्सिल लांबवणारा एक जीन पेशीत घालायचा घाट घातला होता. पेशी जगली पाहिजे आणि काम विसरता कामा नये. काम करतेय हे ओळखायचं कसं? तर प्लेटच्या तळाला पेशींचा एक पातळ पदर धरतो. त्या काम करत असल्या की वरचं पाणी ओढून खाली सोडतात, आणि तो पदर जागोजागी उचलला जातो. मायक्रोस्कोपखाली बघितलं की गोल गोल फुगे. फुगा आला, की पेशी कामावर हजर.

आणि आता बारक्या. बारक्या दाईचा धाकटा भाऊ. उंच, दारातून वाकून आत यायचा, तरी नाव बारक्या. घड्याळं दुरुस्त करायचा आणि स्वतः कुठेही वेळेवर पोचायचा नाही. लग्न केलं नाही. म्हणायचा, आधी ताईचं टिकू दे मग बघू. त्याच्या एका मूत्रपिंडावर गाठ निघाली. ते काढायचं ठरलं तेव्हा साहेबांनी विचारलं, कडेचा निरोगी भाग मिळेल का? दाईची जीभ उचलेना. शेवटी तिनं दवाखान्यातल्या कॉटवर बसून विचारलं, तर हा हसला.

“घे की. नाहीतरी कचऱ्यातच जाणार. पण जपून वापर हां ताई, लहानपणी माझी सायकल घेतलीस ती चेन तोडून परत दिली होतीस.”

पुढे ती गाठ दुसरीकडे निघाली आणि बारक्या गेला. आई त्यानंतर भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. जेव म्हटलं तर जेवायची, ऊठ म्हटलं तर उठायची, पण विझलेल्या चुलीला फुंकर घालण्यातलाच प्रकार. एके दिवशी दाईला राहवलं नाही, ती म्हणाली, “आई, बारक्याच्या पेशी जगताहेत माझ्याकडे. रोज खायला घालते मी.”

म्हातारी भिंतीकडचं तोंड इकडे वळवून बसली. “काय खातो?”

“गुलाबी पाणी असतं. साखर असते त्यात.”

“साखर आवडायचीच त्याला,” आई म्हणाली, आणि उठून स्वतःच्या हातानं भात वाढून घेतला. त्या दिवसापासून दाई घरी आली की पहिला प्रश्न बारक्याचा. आणि त्या प्रश्नाच्या जिवावर आई पुन्हा माणसांत आली. म्हणजे बघा, दाईच्या त्या प्लेटवर आता एकट्या साहेबांचा शोध नव्हता. एक म्हातारी जगत होती.

जीन घातला. बऱ्याच प्लेटी गेल्या. एकाच प्लेटमध्ये तो लागल्यासारखा वाटला, पण पेशी अगदी मंद, कुठे एखादा फुगा येतोय न येतोय. आणि नेमके त्याच सुमारास ते पाहुणे आले, परदेशी धाटणीचे कोट घालून, कॅमेरेवाल्यासकट. साहेबांना सुरसुरी आली. दाईच्या जागेवर, काचेच्या हूडखाली स्वतः बसले. आधी पाहुण्यांना फुगे दाखवायचे म्हणून पहिलवान उघडला, त्याच्यावर खाद्य ओतलं. फोटो झाला. मग म्हणाले, “आणि हा आमचा खरा मानकरी,” आणि तीच बाटली, अगदी तीच, बारक्यावर ओतली.

दाई पाहुण्यांच्या मागे भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, “साहेब, बाटली—”

“दाई, जरा तो दिवा इकडे करा.”

तिनं दिवा इकडे केला. पाहुणे जिन्यात गेले तशी बाटली मोरीत ओतली. पण बाटली ओतून काय, जे जायचं ते प्लेटमध्ये गेलेलं. संध्याकाळी ती साहेबांना म्हणाली, ती प्लेट टाकून देऊ, पुन्हा पहिल्यापासून करू. साहेब म्हणाले, “एवढ्यानं काही होत नसतं. आणि टाकून काय करता? लागलेली ही एकच आहे. तुमच्या भावाची आहे, टाकवेल तुम्हाला?”

नाही टाकवली.

बरेच दिवस ती डोळ्यांत तेल घालून बघत होती. काही फरक नाही. तशाच मंद. मग एका सकाळी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि बघते तर फुगे. एक नाही, दोन नाही, पावसाच्या थेंबांनी डबकं भरावं तसे. दाईनं मागे वळून दार लावून घेतलं आणि रडली. तिला त्या क्षणी त्या बाटलीची आठवण आली का? आली. आली, आणि तिनं तिला दारातूनच परत पाठवली. माणसाचं असंच असतं. दुःखाला आपण नावगाव विचारतो, आनंदाला कोण विचारतं?

साहेबांनी त्याच प्लेटमधून पुढच्या सगळ्या प्लेटी भरल्या, जुनं मंद सगळं टाकून दिलं. पेशींची ओळख पटवायची एक तपासणी असते, ती करू म्हणाले, नंतर. नाव झालं. व्याख्यानं झाली. ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांनी बारक्या मागून घेतला. घड्याळवाला बारक्या जन्मात कधी गावाबाहेर गेला नव्हता, तो आता विमानानं हिंडायला लागला, बर्फाच्या डब्यातून.

मधे एकदा साहेबांनी आईला बोलावलं. दाईच म्हणाली होती, आईला बघायचंय, आणि साहेबांना असल्या गोष्टी आवडायच्या. म्हातारी आली, चप्पल बाहेर काढून आत आली. दाईनं तिला उंच स्टुलावर बसवलं, डोळा कुठे लावायचा ते दाखवलं. आईनं डोळा लावला. मग म्हणाली, “हे गोल गोल काय गं?”

“ते फुगे. म्हणजे त्याचं काम नीट चाललंय.”

“लहानपणी असाच गाल फुगवून बसायचा,” आई म्हणाली. “काही मागितलं आणि दिलं नाही, की असाच. आठवतं तुला?”

“आठवतं.”

“मेला अजून तसाच आहे.” आणि उठताना तिनं त्या मायक्रोस्कोपच्या नळीवरून हात फिरवला. दाईला नंतर स्पिरिटनं पुसायला लागलं, पण तिनं ते आई जिन्यापर्यंत जाईपर्यंत पुसलं नाही.

हे सगळं छान चाललं होतं. आणि मग एका दूरच्या प्रयोगशाळेतून साहेबांना फोन आला. त्यांनी ती ओळखीची तपासणी केली होती. साहेबांनी दाईला खोलीत बोलावलं, दार लोटलं, आणि म्हणाले, “बसा.” इतक्या वर्षांत त्या खोलीत तिला कुणी बसा म्हटलं नव्हतं. ती उभीच राहिली.

“कुत्रा निघाला,” साहेब म्हणाले.

“कोण?”

“आपल्या पेशी. माणसाच्या नाहीतच. कुत्र्याच्या आहेत.”

“सगळ्या?”

“सगळ्या. पहिलवानानं तुमच्या बारक्याला केव्हाच गिळलंय.”

दाईला वाटलं आपण काहीतरी बोललं पाहिजे. बोलली ते एवढंच, “त्या दिवशीची बाटली.”

“कोणत्या दिवशीची?” साहेबांनी विचारलं, आणि तिच्याकडे असे बघत राहिले की त्यांना खरंच आठवत नसावं. फार सरावाचं काम आहे ते.

“पाहुणे आले होते. तुम्ही बसला होतात.”

“दाई, रोज तिथे कोण बसतं? मी की तुम्ही? लोक काय धरून चालतील?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “हे बघा. गोठवायच्या टाकीत बारक्याच्या पेशींची एक मूळ कुपी अजून आहे. जीन न घातलेली, खरीखुरी. चौकशी बसली तर समिती पहिलं म्हणेल, ती काढा, वितळवा, तपासा. आणि वितळवली की तिच्यात किती जीव उरलाय ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही म्हणालात, बाटली माझ्या हातून बदलली, तर चौकशीचं कारणच नाही. झाली चूक, कबूल, विषय संपला. कुपीला कुणी हात लावणार नाही.”

“शब्द?”

“शब्द.”

आता कुणी म्हणेल, मूर्ख बाई. असेलही. पण तिच्या बाजूनं बघा जरा. इकडे हातांचं नाव. दुसरं काही नव्हतंच तिच्याकडे, तेवढंच होतं. आणि तिकडे बर्फाच्या टाकीत करंगळीएवढी कुपी, आणि घरी ती म्हातारी. तिनं मनात तराजू धरलासुद्धा नाही. सगळ्यांच्या बैठकीत उभी राहिली आणि म्हणाली, “बाटली माझ्या हातून बदलली.” खाली बसली. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “दाईनंच बाळ बदललं,” आणि दोघंतिघं हसली. वाईट माणसं नव्हती ती. विनोदच तसा हाताशी आलेला होता, सोडवला नाही.

तिला पेशींवरून काढलं आणि तळमजल्यावर भांडी धुण्याच्या खोलीत पाठवलं. वर वापरलेल्या काचा, बाटल्या, ट्रे खाली यायचे, ते ब्लीचमध्ये भिजवायचे, ब्रशनं घासायचे, वाफेच्या यंत्रात घालायचे. खिडकी नाही. फरशी कायम ओली. वर बसून जे हात दिवसभर कोरडे ठेवले ते आता सोलून निघाले. तिच्या जागी नवा माणूस आला, त्याच्या कोटाला कधी सुरकुती पडायची नाही म्हणून सगळे त्याला इस्त्री म्हणायचे. मुलगा भला होता. कधी भेटला की “दाई, नमस्कार” म्हणायचा, आणि ती म्हणायची, “कोट सांभाळा, इथं ब्लीच उडतं.”

आईला तिनं कुत्र्याचं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, “बारक्याला आता थंडीत झोपवून ठेवलंय. म्हणजे आराम.”

आई विचार करून म्हणाली, “बरं झालं. घड्याळांच्या टिकटिकीत त्याला कधी झोपच लागायची नाही.” आणि रोज विचारायच्याऐवजी आता अधूनमधून विचारायची, झोपलेल्या पोराबद्दल विचारावं तसं, हळू आवाजात. दाई म्हणायची, झोपलाय. ते खरं होतं. तिनं आईपासून पुष्कळ लपवलं, पण खोटं असं अजून एकदाही सांगितलं नव्हतं. त्यावरच ती तळमजल्यावरचे दिवस काढत होती. हात गेले तर गेले, कुपी आहे ना.

मग एका दुपारी वरून ट्रे आला. त्यात रिकाम्या प्लेटी, पिपेटची टोकं, आणि एक छोटी कुपी. झाकणावर काळ्या शाईत तिचंच अक्षर होतं. ती कुपी ओळखायला वाचावं लागत नाही. आपली चप्पल आपण अंधारातसुद्धा पायानं ओळखतो. तिनं ब्रश खाली ठेवला आणि ट्रे घेऊन आलेल्या इस्त्रीला थांबवलं.

“ही कधी काढली?”

“ती होय? झाले की बरेच दिवस. साहेब म्हणाले काढ, मी काढली.” त्याला काही माहीत नव्हतं, बिचारा मोकळेपणानं सांगत होता. “मी नीट केलं हो सगळं, दाई. कोमट पाण्यात धरली, हळू उतरवली. पेशी तळाला चिकटल्यासुद्धा छान. आणि तुम्हाला सांगतो, फुगे आले.”

दाई म्हणाली, “फुगे?”

“चार-दोनच. लहानसे, प्लेटच्या कडेला. पण खरे. पहिलवान त्या खोलीतसुद्धा नव्हता, मी आधीच बाहेर काढला होता. तपासून घेतलं, माणसाचेच. साहेब फार खूश झाले, लगेच जीन घाल म्हणाले. घातला. नाही लागला. मग पसरल्या, चादर ओढल्यासारख्या, आणि थांबल्या.” तो जरा घुटमळला. “मी म्हटलं होतं, दाईंना बोलावू, त्यांना बघू दे एकदा. साहेब म्हणाले, कशाला उगाच त्यांना त्रास.”

“बरोबर आहे,” दाई म्हणाली. “दुसरी कुपी?”

“कुठली दुसरी? हीच शेवटची होती ना?”

“हो. हीच.”

तो गेला. दाईनं कुपी उचलली, उलटीसुलटी करून पाहिली, आणि नियमाप्रमाणे ब्लीचच्या बादलीत टाकली. शाई पाण्यात जरा वेळानं सुटली. आता बघा, ज्या फुग्यांवर ती रडली, आईनं ज्यांच्यावरून हात फिरवला, ज्यांनी देश पालथे घातले, ते कुत्र्याचे. आणि बारक्यानं स्वतः काढले ते चार-दोन, ते आले तेव्हा ही एक मजला खाली बाटल्या घासत होती.

त्या दिवशी घरी आई म्हणाली, “झोपलाय ना?” दाई म्हणाली, “झोपलाय.” आणि जेवताना तिला ठसका लागला तो थांबेचना. आईनं पाठीवरून हात फिरवला, म्हणाली, “सावकाश, कोणी हिसकावून नाही घेत.”

पुढच्याच आठवड्यात साहेब स्वतः तळमजल्यावर आले. ते कधी तिथे आले नव्हते. दाराची कडी कुठल्या बाजूला उघडते तेही त्यांना ठाऊक नव्हतं, आधी ढकलून पाहिलं, मग ओढलं. बूट ओल्या फरशीवर पडले तसे ते दारातच थांबले. दाई वाफेच्या यंत्राशी होती. तिनं मान वळवली, काम थांबवलं नाही.

“कुपीचं कळलं तुम्हाला, इस्त्री बोलला,” साहेब म्हणाले. “मीच सांगणार होतो.”

दाईनं एक बाटली पालथी घातली.

“नाइलाज होता, दाई. खरी एखादी लाइन, सतत वाढत राहणाऱ्या पेशींची, हातात नसेल तर पाच-सहा वर्षांचं काम मातीत. प्रयत्न करायलाच हवा होता. आणि वाईट कुणाच्या हातून झालं नाही, त्यांचं आयुष्यच तेवढं उरलं होतं. तुम्ही असतात तरी तेच झालं असतं.”

“झालं असतं,” ती म्हणाली. “मी बघितलं असतं.”

साहेबांनी बूट ओल्या फरशीवरून मागे घेतले. मग कामाचं बोलले. सकाळी नवा तुकडा येणार होता, निरोगी, तरुण माणसाचा, असा पुन्हा मिळणार नाही. इस्त्री भला, पण त्याच्या हातून पेशी धड लागत नाहीत. दाईनं वर यावं. तिची जागा, तिचा हूड, तिची शिस्त, सगळं पहिल्यासारखं. बाटलीचं लोक विसरतील. नव्हे, विसरलेच आहेत.

“याला नको म्हणू नका,” ते म्हणाले, आणि आवाज असा मऊ केला की जणू मागणी दाईच्या भल्यासाठीच आहे. “राग माझ्यावर धरा, तो मी समजू शकतो. पण त्या पेशींचा काय दोष? ज्याच्या आहेत तोही कुणाचा तरी भाऊ असेल.”

दाईनं नळ बंद केला. हात झाडले, कोटाला पुसले, सोललेली बोटं एकदा उघडमीट करून पाहिली. साहेबांना वाटलं, ही आता रडणार, आणि त्यांनी त्याची तयारी म्हणून मान जरा तिरकी केली. पण ती रडली नाही. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि अगदी या शब्दांत म्हणाली:

“येते ना. ज्याचा तुकडा आहे त्यानं माझं काय वाईट केलंय? सकाळी असेन मी वर. पण एक आहे, साहेब. बारक्या थंडीत झोपलाय असं मी आईला सांगून ठेवलंय, ते तुमच्या शब्दावर. तो गेला, हे मी नाही सांगायची. तुम्ही सांगा. आणि आधी तिनं बघितला तो कुत्रा होता, तेही सांगा. तिनं त्याला डोळे भरून बघितलंय. संध्याकाळी ती घरीच असते. तिला जरा कमी ऐकू येतं, दोनदा सांगावं लागेल.”